साहेबांच्या दारात इर्जिक

सरकारी पत्र हातात पडलं की आक्का ते आधी उलटं करून बघायची. पुढच्या बाजूला 'ग्रामपंचायतीने तातडीने करावे' असं काही ना काही छापलेलं असायचंच. त्यात तिला रस नसायचा. ती मागची कोरी बाजू उन्हाला धरायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "काम तर धाडलंय, पैसं कुठं चिकटवल्यात का बघतीया." आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब दर वेळी डोक्याला हात लावायचे आणि मी दर वेळी हसायचो.

आक्का आमची सरपंच. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचं, पावसानं कायम टांग दिलेलं आमचं गाव. तिच्या माहेरी मेंढरं, सासरी मेंढरं, त्यामुळं आवाज असा की ग्रामसभेत माइक बंद ठेवावा लागे. मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आलो आणि बिनविरोध उपसरपंच झालो. म्हणजे दुसरं कुणी तयारच नव्हतं. सुभेदारसाहेबांना कधी घाबरलो नाही तेवढा या बाईला घाबरलो. "फौजी," ती म्हणायची, "सलाम ठोकून झाला आसंल तर मोटर चालू करून या."

तिचं सगळं राजकारण इर्जिकीवर उभं होतं. ट्रॅक्टर नव्हते तेव्हा ज्याचं रान नांगरायचं राहिलं, तो गावाला हाक द्यायचा. लोक आपापली बैलं, अवजारं घेऊन जायचे, फुकट राबायचे आणि हाक देणारा सगळ्यांना पोटभर जेवू घालायचा. ती इर्जिक. आक्काच्या मते सरकारनंही एवढी रीत पाळावी. "हाक तुमी मारायची आन् भाकरी आमी आमचीच बांधून आनायची? ही कुठली इर्जिक म्हनायची?" रस्त्यावरच्या दिव्यांपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत प्रत्येक पत्राला तिचं हेच उत्तर.

मग ते कारंज्याचं पत्र आलं. प्रत्येक गावात बाग, बागेत कारंजं, कारंज्यापुढं फोटो काढायची जागा. महिन्याच्या आत, आणि खर्च 'स्वनिधीतून'. स्वनिधी म्हणजे आमचीच घरपट्टी आणि पाणीपट्टी. ती आम्ही वरच्या वस्तीच्या पाइपलाइनसाठी जपून ठेवलेली. वस्तीवरच्या बायका अजून खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी नेत होत्या. कारंजं केलं तर पाइपलाइन गेली. नाही केलं तर सरपंचावर कारवाई. आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. "प्यायला पानी न्हाई आन् हे म्हनत्यात, नाचवा!" मग तिनं डोळे पुसले. म्हणाली, "खुर्ची गेली तर जाऊ द्या, फौजी. लाईन न्हाई जाऊ द्यायची."

महिना उलटला तरी कारंजं नाही, म्हणून पंचायत समितीच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी जाब द्यायला तालुक्याला बोलावलं. चार मेंबरांना निरोप द्या, असं आक्कानं मला सांगितलं. आणि इथं मी माती खाल्ली. मस्करीत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'उद्या अकरा वाजता साहेबांकडे इर्जिक. सर्वांनी यावे.' आता तुम्हीच सांगा, ज्या गावानं कित्येक वर्षांत इर्जिकीचं जेवण चाखलं नाही, ते घरी बसेल?

अकराला आम्ही पोचलो तर ऑफिसच्या आवारात दोन टेंपो. साठ-सत्तर माणसं, खांद्यावर कुदळी-खोरी आणि काखेत आपापलं ताट-तांब्या! म्हातारी मंडळी तर धुतलेले पटके बांधून आलेली. व्हरांड्यात दोन पंगती धरून बसलीसुद्धा. मी हळूच आक्काच्या मागं सरकलो. गलका ऐकून साहेब बाहेर आले. "हे काय? मोर्चा आहे का?"

पंगतीतला एक म्हातारा अदबीनं उठला. "मोर्चा न्हवं, सायेब. तुमी हाक दिली, आमी आलो. कारंजं कुठं खनायचं त्ये दावा. आन् जेवान कवा हाय?"

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मला परत फौजेत पळून जावंसं वाटलं. पण बाई पक्की! पदर खोचून पुढं झाली. "व्हय, सायेब. हात आमचं, शिधा तुमचा. शिधा नसंल तर तसं लिवून द्या, मान्सं उपाशी माघारी न्हेती."

साहेबांनी हसू दाबायचा लय प्रयत्न केला. जमेना. शेवटी खांबाला टेकून पोट धरून हसले. पत्रावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'शासनाकडून निधी मिळाल्यावर काम सुरू करावे.' वर पदरमोड करून सगळ्यांना भडंग आणि चहा दिला. म्हातारा मात्र टेंपोत गाव येईपर्यंत कुरकुरत होता, "इर्जिकीला भडंग? छ्या!"

निधी आला नाही आणि कारंजंही झालं नाही. वरच्या वस्तीला नळ मात्र आला. पहिल्या दिवशी बायकांनी एकमेकींना भिजवलं, मग आक्काला, मग मला. चिंब झालेली आक्का खो खो हसत होती आणि हसता हसता रडत होती. मीही रडलो, लाज कसली त्यात!

सरपंचपदाची मुदत संपल्यावर आक्का गुडघ्याच्या ऑपरेशनला मिरजेला लेकाकडं गेली ती तिकडंच राहिली. खरं सांगतो, तिच्यावाचून पंचायतीत करमत नाही. रोज सकाळी तिचा फोन येतो. माझी तब्येत नाही, पोराबाळांची चौकशी नाही, एकच प्रश्न, "वस्तीचा नळ चालू हाय न्हवं?" हाय म्हटलं की फोन बंद. एकदा मला लहर आली. म्हटलं, "बंद हाय, आक्का. चार दिस झालं." मस्करी केली म्हणायच्या आत खट्! फोन ठेवलेला.

त्याच दिवशी दुपारच्या एस्टीतून आक्का काठी टेकत उतरली. "आवं आक्का, ऐका तरी," करत मी मागं मागं, आणि ती थेट चढ चढून वस्तीवर. नळ सोडला. धो धो पाणी. ओंजळ धरून दोन घोट प्याली, तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळून अख्ख्या वस्तीदेखत मला ज्या शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत. मी मान खाली घालून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, आक्का, एवढ्यात थांबू नका.