घटावरचा एलईडी

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. बी.एस्सी., विषय फिजिक्स. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण विचारणारं भेटेलच याची खात्री नसते. वडील पॉवरलूमच्या कारखान्यात मागावर, आई घरी बसून साड्यांना लेस लावायची, आणि तिच्याशेजारी जमिनीवर पालथी पडून मी प्रकाशाची गणितं सोडवायचे. तेव्हा बाकी कशावर नाही तरी प्रकाशावर घरात शेवटचा शब्द माझा असावा, एवढीच माझी अपेक्षा.

ती वेळ आली नवरात्राच्या घटामुळे. टोपलीत काळी माती, मातीत गहू, मधे पाण्याने भरलेला घट. नऊ दिवसांत गहू उगवतो आणि दसऱ्याला ते कोंब पुरुष टोपीत आणि बायका अंबाड्यात खोचतात. आमच्या कुळाचा घट खानदेशात, गावच्या घरी मोठ्या काकूंकडे बसायचा. आई धाकटी सून. तिच्या वाट्याला पाणी भरणं आणि पुरण वाटणं. घटाला हात लावायचा मान मोठ्या काकूंचा. पण त्यांचे गुडघे गेले, आणि गेल्या वर्षी घट सुरतला आमच्याकडे आला. आईने त्या आनंदात भिंतीसुद्धा पुसून काढल्या.

आणि नेमकी तेव्हाच फजिती झाली. आमचा फ्लॅट पर्वत पाटियाच्या मागे. देवघर आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, आणि त्या खोलीची एकुलती एक खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. टोपलीत एका बाजूला गहू उगवला आणि दुसऱ्या बाजूला पिंजलेल्या कापसासारखी बुरशी. अष्टमीला आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. तिने काही ठरवलं की त्यावर अपील नाही. टोपलीकडे बघून ती म्हणाली, "आठे देवी रमनी नही, वहिनी." इथे देवीचं मन लागलं नाही. पुढच्या वर्षीही असंच झालं तर घट माझ्या नाशिकच्या चुलतभावाकडे जाईल, हेही तिने चहाची बशी तोंडाला लावता लावता सांगून टाकलं. नंतर आईने ती टोपली इतकी घासली की बांबूच्या काड्या निघाल्या.

यंदा नवरात्र जवळ आलं तसं मी निदान केलं: उजेड कमी पडला होता. उपाय: झाडांसाठीचा एलईडी दिवा. तयार मिळतो, मला माहीत आहे. पण दिवा तयारच आणायचा तर फिजिक्स कशाला शिकायचं?

स्टेशनकडच्या एका गल्लीत सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानदाराने झाड हा शब्द ऐकला आणि एक पुडी पुढे सरकवली. "प्लान्ट माटे? आ लो बेन, लाल-ब्लू. पचास वॉट."

पुडीतला तुकडा नखाएवढा. "खरोखर किती वॉट ओढतो?"

"पचास. लखेलुं छे ने!"

"लिहिलंय ते मलाही दिसतंय. ओढतो किती?"

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तमे टीचर छो?"

आहे, पण ते त्याला कशाला सांगू! पानं लाल आणि निळा प्रकाश जास्त खातात, हिरवा बराचसा परत फेकतात. म्हणून झाडांच्या दिव्यात हे दोनच रंग घालायची पद्धत. पुस्तकात बसत होतं, म्हणून घेतले. घरी येऊन जोडले, देवघरात टांगले, बटण दाबलं.

"हाई काय व?" आई ओरडली. "देवी जांभळी दिसी राहिनी!"

देवीच काय, सगळंच जांभळं. त्याहून वाईट म्हणजे हळद लाल दिसायला लागली. कोणत्या वाटीत हळद आणि कोणत्या वाटीत कुंकू, ओळखू येईना. समोरच्या गुजराती काकींनी दारातून डोकावून विचारलं, "तमारे त्यां डीजे आव्यो?" सोसायटीचा गरबा सुरू व्हायला अजून आठवडा होता.

आईने अट घातली. "माले कायबी लाव, पन हयद हयदसारखी दिसाले पायजे, कुकू कुकूसारखं."

आई घरात अहिराणी बोलते. मी पुस्तकी मराठीत उत्तर देते. भांडण वाढलं की मीही अहिराणीवर येते. या वेळी भांडण वाढलं नाही, कारण अट रास्त होती आणि त्यासाठी बाजारात एक आकडाही आहे. सीआरआय म्हणतात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. नव्वदच्या वरचा हवा. मी परत गल्लीत गेले. दुकानदाराने मला बघून आधी पाण्याचा ग्लास मागवला, स्वतःसाठी.

आता पांढऱ्यातही भानगडी. एक पांढरा निळसर, दवाखान्यातल्यासारखा. एक पिवळसर, हॉटेलातल्यासारखा. मी मधला धरला. पट्टीवाले एलईडी घ्यावेत तर चिकटवायला सोपे, पण त्यांची उष्णता जाणार कुठे? म्हणून अॅल्युमिनियमच्या पाठीचे बोर्ड घेतले. आणि त्यांना साजेसा ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारी डबी. ड्रायव्हरवर कंजूषी करू नये. एलईडी हा पंगतीतला असा पाहुणा आहे की वाढाल तेवढं खातो, तापतो, तापला की आणखी मागतो, आणि शेवटी तिथेच आडवा होतो. त्याला मोजून वाढणारा खमक्या वाढपी लागतो. ठरलेल्या करंटच्या वर एक थेंब न देणारा.

बोर्डांमागे उष्णता ओढून घ्यायला जाड अॅल्युमिनियम हवं होतं. वडिलांनी कडोदऱ्याच्या एका खिडक्या बनवणाऱ्याकडून चौकटीच्या सेक्शनचा उरलेला तुकडा आणला आणि माझ्यासमोर ठेवत म्हणाले, "आपला घरले खिडकी नही भेटनी, पन खिडकीनं अॅल्युमिनियम भेटनं."

तुकड्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून बोर्ड बसवले, ड्रायव्हर देवघराच्या बाहेर ठेवला, बटण दाबलं. हळद पिवळी. कुंकू लाल. देवीचा चेहरा असा की जणू अंगणात ऊन खात बसलीय. आईने दोन्ही वाट्या दिव्याखाली धरून पाहिल्या आणि मान हलवली. मला त्या दिवशी पदवीदान समारंभाहून जास्त बरं वाटलं. तिथे टोपी मोठी झाली होती.

घट बसला. एक नियम मी आणखी केला: पाणी चमच्याने. गेल्या वर्षी आई भक्तिभावाने रोज तांब्या ओतत होती. तिसऱ्या दिवशी हिरवी टोकं वर आली, बुरशीचा पत्ता नाही. पुढच्या दोन दिवसांत टोपली अशी भरली की क्रिकेटच्या मैदानाचा तुकडा कापून आणलाय. गर्द हिरवा, जाड, ताठ गहू. मी फोटो काढले. शाळेत दाखवले. वर्गातल्या मुलींनाही दाखवले, धडा दुसराच चालू असताना.

सहाव्या दिवशी आईने चार बोटं कोंबांशेजारी उभी धरून पाहिली. "हाई वाढी का नही राहिनं?"

"वाढतंय की! बघ ना किती निरोगी आहे."

"निरोगी काय करू? माले लांब पायजे. पिवयं."

"पिवळं?"

"मंग! वीतभर लांब, पिवयं धम्मक, सोनासारखं. मोठी जाऊनं कसं येस? हाई तं ढोरंस्नं गवत!"

पिवळे, लांब कोंब. मोठ्या काकूंचं देवघरही माजघराच्या आत, अंधारात. अंधारात रोप उजेडाच्या शोधात भराभर उंच होतं, हिरवा रंग बनवत बसत नाही. हे अकरावीच्या पुस्तकात आहे, चित्रासकट. सगळं कुळ पिढ्यान्‌पिढ्या ज्या पिवळ्या कोंबांना देवीचं सोनं म्हणत आलं, ते अंधाराने घडवलेलं होतं, आणि मी तिथे सीआरआय नव्वद लावून बसले होते. गेल्या वर्षीची बुरशी अंधाराची नव्हतीच, पाण्याची होती. घरातल्या चमच्याने जे काम झालं असतं, त्यासाठी मी अख्खं दुकान घरी आणलं होतं.

दिवा मात्र उत्तम झाला होता. हे मी आजही म्हणते.

"बंद कर तो," आई म्हणाली. आम्ही दिवा काढला, टोपलीवर दुसरी टोपली पालथी घातली. "नाशिकले जाई आते घट," आई पदराच्या टोकाशी बोलली. गव्हाने दोन दिवसांत जमेल तेवढी धाव घेतली. अष्टमीला झाकण उचललं तर वरून हिरवा, बुडाशी फिकट पिवळा. सेलमधल्या डबल शेड साडीसारखा.

आत्या आली. पाय धुतले, पदर सावरला, देवघरापुढे बसली. "हाई काय शे?"

"आत्या, त्याचं असं आहे की प्रकाशाची तीव्रता..."

"तू थांब व. तुन्हं कालेज चहानंतर."

तिने कोंबांतून बोटं फिरवली. माती उकरून पाहिली. टोपली हाताने गोल फिरवून चारही बाजू बघितल्या, अगदी गेल्या वर्षी जिथे कापूस पिकला होता ती बाजू जवळ घेऊन. आई खांबासारखी उभी. हातातला पाण्याचा पेला तिरपा झालाय हे तिला कळलं नाही, माझ्या पायावर पाणी सांडलं तरी मीही हलले नाही.

"एक दाणा वाया गया नही," आत्या म्हणाली. मग थोडं थांबून, "पन बुटकं शे."

आईची मान खाली.

"बुटकं शे," आत्या परत म्हणाली आणि मान वर करून तिने आईला न्याहाळलं. आई पाच फुटांनाही कमीच. "तू बी बुटकीच शे, वहिनी. तू रमनी ना आठे? तशी देवी बी रमनी. घट आठेच राहू दे. अन् चहा कर, साखर कमी नको."

आई स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. चहा उतू गेल्याचा वास आला. मग तिने तिथूनच गावी मोठ्या काकूंना फोन लावला. आवाज असा की फोन नसता तरी खानदेशात पोचला असता.

"उगनं, बाई, आख्खं उगनं! ताईनी सांगं, घट आठेच! हा... हा, पिवयं! वीतभर, वीतभर शे!"

मी दारात येऊन उभी राहिले. आईने फोनवर हात धरला आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. पट्टी माझ्या कंपासमध्ये होती, मोजून सेंटिमीटर सांगू शकले असते. मी कपबश्या उचलल्या आणि आत्याला चहा द्यायला बाहेर गेले.