क कुठून निघतो

माझी मुलगी चार वर्षांची झाली तरी तिला क म्हणता येत नव्हता. काकडीला ती तातडी म्हणायची, गायीला दाय. नालवाडीच्या आमच्या भाजीच्या वाडीवर येणारी गिऱ्हाइकं हसायची. सासूबाई म्हणायच्या, "जीभ जड हाये तिची." एका शेजारणीनं तर जिभेखालचा पडदा कापून आणायला सांगितलं.

शेवटी मी तिला वर्ध्यात, बोलणं सुधारणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी औषध काहीच दिलं नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली आणि मुलीला आधी प, मग फ म्हणायला लावलं. फ ला पट्टी उडाली. मग आ, ई, ऊ म्हणवून घेतलं आणि काहीतरी वहीत लिहिलं.

घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कागद उडवाले एवढ्या दूर काऊन जाते? मले तं हे काई खरं नाई वाटत."

मलाही वाटत नव्हतं. दुसऱ्या खेपेला बाईंनी डोळ्याचं चित्र दाखवलं. मुलगी म्हणाली, "डोया." बाईंनी लगेच लिहिलं. माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी सगळे डोयाच म्हणतात. पुण्याकडच्या या बाई आमच्या बोलीच्याच चुका काढून राह्यल्या असतील, म्हणजे खेपा संपायच्याच नाहीत! त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या तशी मी वही फिरवून वाचली. 'ळ ऐवजी य. घरची बोली. चूक नाही.'

"वाचलंत?" बाई दारातच उभ्या होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी विचारलं, "मग क काऊन येत नाई तिले?"

"आधी तुम्ही त म्हणा. जीभ कुठे टेकली?"

"दाताले."

"आता क."

जिभेचं टोक खालीच राहिलं. मागचा भाग उठून टाळूच्या पार मागे टेकला. शाळेत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असं घोकलं होतं. पण ते माझ्याच तोंडात घडतं हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आ, ई म्हणताना वारा कुठे अडत नाही, ते तिला छान येतात," बाई म्हणाल्या. "क ला वारा मागे अडवावा लागतो. हिच्या जिभेचा मागचा भाग उठतच नाही, सगळं काम टोकच करतं."

त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ मान मागे करून गुळण्या करायला सांगितल्या, म्हणजे मागच्या भागाला सवय होईल. सासूबाई दोन्ही वेळा समोर बसून पहारा देत. "पाणी नाकात गेलं तं मले सांगजो," असं नातीला बजावत.

बऱ्याच दिवसांनी एकदा गुळणी थुंकल्यावर तिच्या घशातून कोरडा क निघाला. आणि मग घोळच झाला. ती सगळीकडेच क लावू लागली. तव्याला कवा, ताटाला काट.

"पाह्य, बिघडवली ना पोरगी!" सासूबाई म्हणाल्या.

माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी तडक बाईंकडे गेले. त्या हसल्या. "नवी जागा सापडली आहे ना, म्हणून सगळं तिथेच ठेवते आहे. थांबा थोडं."

दिवाळीपर्यंत त आणि क आपापल्या जागी बसले. सासूबाई आजही म्हणतात, "वयानं झालं ते." मी वाद घालत नाही. पण कधी कधी त्या चुलीपाशी एकट्या बसून, जीभ मागेपुढे करत, त, क, त, क असं पुटपुटताना मला दिसतात.