दह्याच्या डब्यांचं इंग्लंड

गुरुनाथकाकांनी गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला घेतली तेव्हा मी हसले. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालते, मला वाटलं, गंमत करताहेत.

त्याआधी तासभर आम्ही एका बंद पडलेल्या ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये होतो. रविवारची सकाळ होती, लॉट रिकामा होता. काकांनी मधोमध दह्याचे रिकामे डबे गोलाकार मांडले होते, त्यांत खडी भरली होती. हे इंग्लंडमधलं चौकातलं वर्तुळ. त्याभोवती डावीकडून घुसायचं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं, डावीकडूनच बाहेर पडायचं. मे महिन्यात काका-काकू इंग्लंडला जाणार होते. काकांना भाड्याची गाडी घेऊन तिथली खेडी फिरायची होती.

"स्टीअरिंग कुठे का असेना," ते म्हणाले, "रस्ता डोक्यात असतो. मी मिरजेत रेल्वेच्या फाटकातून मामाचा टेम्पो न्यायचो. डावी बाजू माझ्या रक्तात आहे."

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या मराठी माणसांना गुरुनाथकाका कोण हे सांगावं लागत नाही. आपल्यातले निम्मे लोक ओहेअरच्या विमानतळावरून पहिल्यांदा घरी आले ते त्यांच्या गाडीतून. "उबर कशाला? मी येतो ना," हे त्यांचं वाक्य. माझा नवरा प्रथमेश आणि मी आलो तेव्हा बर्फ पडत होता. अरायव्हलच्या दाराशी जाड कोट घातलेला एक उंच म्हातारा माणूस उभा होता. त्याने आमच्या बॅगा उचलल्या आणि विचारलं, "जेवलात का?" आमची ओळख नव्हती. कुणाच्या तरी ओळखीच्या कुणीतरी त्यांना फोन केला होता.

मी पुण्याहून इंग्रजीत एम.ए. करून आले. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. घरात बसून रडत होते. काकांनी मला गाडी शिकवली. या गावात गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरातल्या खिडकीला चिकटतो. हे मला त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत होतं.

इंग्लंडचा वाद महिनाभर चालला होता. काकूंना गाडी नको होती. ट्रेन आणि बस, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या सुवर्णाकाकू, एरवी कशालाच नाही न म्हणणाऱ्या. पण इथे हटून बसल्या.

"तिथल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी उंच झुडपांची कुंपणं असतात," त्या म्हणायच्या. "गाडीतून काय दिसणार? पाला. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसलं की पलीकडची शेतं दिसतात."

"आणि शेवटची बस पाचला निघून गेली की?" काका विचारायचे. "मेंढ्यांत झोपायचं? स्वानंदी, तू इंग्लिश लिटरेचरवाली. तू सांग. गाडी की बस?"

"काका, मी वाचलेल्या कादंबऱ्यांत सगळे पायी जातात. आणि पावसात भिजून आजारी पडतात."

"बघ! म्हणून गाडी."

पाडव्याच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, आमच्यातल्याच उल्हासदादाने सगळ्यांसमोर काकूंना छेडलं. "काय काकू, पस्तीस वर्षं अमेरिकेत काढली, पण एसटीचं वेड गेलं नाही!" सगळे हसले. मीही हसले. काकू म्हणाल्या, "हो रे, मला कंडक्टरशी भांडल्याशिवाय प्रवास झाल्यासारखं वाटतच नाही." आणि श्रीखंड वाढायला लागल्या.

तर त्या रविवारी डबे डिकीत टाकून आम्ही लॉटमधून बाहेर पडलो. काकांनी गाडी डावीकडे वळवली. जवळच्या लेनमध्ये. समोरून गाड्या येणाऱ्या लेनमध्ये.

मी हसले. मग एक पांढरी व्हॅन दिसली. तिने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

"काका, उजवीकडे!"

काका शांत होते. दोन्ही हात स्टीअरिंगवर, पाठ ताठ. ते उत्तम गाडी चालवत होते.

"हा गाढव हॉर्न का वाजवतोय?" त्यांनी विचारलं.

व्हॅन बाजूने गेली. तिच्यामागे एक पिकअप होता. मी स्टीअरिंग धरलं आणि ओढलं. गाडी दुभाजकाच्या गवतावर चढली, ओल्या मातीत रुतली, थांबली. पिकअपवाला खिडकीतून काहीतरी ओरडत गेला.

काका समोर बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "फाटक उघडं होतं ना?"

त्या रस्त्यावर फाटक नाही. रेल्वे तिथून लांब आहे.

मग त्यांचा चेहरा बदलला. झोपेतून उठल्यासारखा. त्यांनी रस्ता बघितला, गवत बघितलं, स्टीअरिंगवरचा माझा हात बघितला.

"लेफ्टची प्रॅक्टिस जरा जास्त झाली," ते म्हणाले. "काकूला सांगू नकोस, पोरी."

मागे-पुढे करून मी गाडी मातीतून सोडवली आणि घरीही मीच चालवत आणली. ते शेजारी बसून क्रिकेटबद्दल बोलत होते.

अंगणात त्यांनी पाण्याचा पाइप काढला आणि चाकांची माती धुवायला लागले. त्यांना किल्ली देऊन मी आत गेले. काकू ओट्याशी थालीपीठ थापत होत्या. मी सांगितलं. सांगू नकोस म्हणाले होते, तरी सांगितलं. डावी लेन, व्हॅन, पिकअप. मी धापा टाकत होते.

काकूंचा हात थांबला नाही. त्यांनी थालीपिठाला मधोमध भोक पाडलं. मग विचारलं, "फाटकाचं काही बोलले का हे?"

मी ते अजून सांगितलंच नव्हतं.

"मागच्या वेळीही फाटकच होतं," काकू म्हणाल्या. "एअरपोर्टवरून येताना. हायवेवर गाडी थांबवली. म्हणाले, ट्रेन जाऊ दे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नोव्हेंबरपासून."

मी खुर्चीवर बसले. नोव्हेंबरपासून काकू प्रत्येक एअरपोर्टच्या फेरीला काकांबरोबर जात होत्या. पहाटे असो, बर्फ असो. आम्ही त्यावरही विनोद केले होते. काकूंना ड्यूटी फ्रीचा वास आवडतो म्हणून. त्या शेजारी बसून दर वळणाला हळूच सांगत होत्या, उजवीकडे घ्या, आता सिग्नल आहे. आणि मागच्या सीटवर कुणाची तरी आई, कुणाचं तरी तान्हं बाळ.

"डॉक्टर?" मी विचारलं.

"दोनदा अपॉइंटमेंट घेतली. दोन्ही वेळा ह्यांनी कॅन्सल केली. कुणाला तरी आणायला जायचं होतं." त्यांनी थालीपीठ तव्यावर टाकलं. "एकदा तुझ्या सासूबाई येणार होत्या, तेव्हा."

"किल्ली काढून घ्या ना काकू."

"घेते. आणि मग? मी गाडी शिकले नाही, चालवणारं माणूस घरात होतं म्हणून. दूध आणायचं तरी इथे गाडी लागते. किल्ली काढून घेतली की हा माणूस त्या सोफ्यावर बसेल आणि उठणार नाही. मी ओळखते ह्यांना." त्यांनी झाकण ठेवलं. "म्हणून इंग्लंड. म्हटलं, तिथे दोन आठवडे बसने फिरले, वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसले, ड्रायव्हर दुसराच कुणीतरी, आणि तरी मजा आली, तर परत आल्यावर मला बोलता येईल. की गाडीवाचूनही माणूस फिरतो. ह्यांना पटेल असं दुसरं काही सुचेना मला."

वाद शेतांचा नव्हता. डबलडेकरचाही नव्हता. मी महिनाभर तो वाद ऐकत होते आणि मला वाटत होतं, म्हातारा-म्हातारी लाडात भांडताहेत. मी माणसांच्या गोष्टी वाचण्याची पदवी घेतली आहे.

तेवढ्यात लक्षात आलं, बाहेरचं पाणी बंद झालंय. ओट्याची खिडकी उघडी होती. पाइप खिडकीखालीच पडला होता.

मग गॅरेजचं दार वर जाण्याचा आवाज आला.

काकूंनी गॅस बंद केला नाही. पिठाच्या हातांनी धावल्या. मी त्यांच्या पुढे पळाले. अनवाणी.

गाडी गॅरेजच्या तोंडाशी उभी होती. इंजिन बंद. काका आत बसले होते. पट्टा लावून, ताठ. उजव्या सीटवर.

इंग्लंडमध्ये स्टीअरिंग उजवीकडे असतं, या गाडीत डावीकडे. ह्यांना वाटतंय की आपण ड्रायव्हरच्या जागी बसलोय. मी दाराची मूठ धरली, पण उघडायचं धाडस होईना.

काकांनी काच खाली केली. बाहेर हात काढला. हातात किल्ली होती.

"घे, स्वानंदी. तू चालव. दूध संपलंय."

मी किल्ली घेतली. त्यांचा हात ओला होता, गार होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे बघत होते.

"तूही चल, सुवर्णा," ते म्हणाले. "मागे बस आज. पुढे बसून दमली असशील."

काकू दारातच उभ्या होत्या. पिठाचे हात तसेच पुढे धरलेले. घरातून थालीपीठ करपल्याचा वास यायला लागला होता.

"आणि त्या डबलडेकरचं काय ते बुकिंग करून टाक," काका म्हणाले. "पण वरची, पुढची सीट. नाहीतर मी येणार नाही."

काकूंनी मान हलवली. आत जाऊन गॅस बंद केला, हात धुतले आणि येऊन मागे बसल्या. मी गाडी सुरू केली. लगेच रिव्हर्स टाकला.

"घाई नको," काका म्हणाले. "आधी आरसे बघ."