लिंबू आणि तेलाचे ब्रेक

माणगावच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. देश सोडून गेलेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार मी हौसेने घेतली होती. तिचे तारेचे ब्रेक इतके बेभरवशाचे, की हरिहरेश्वरच्या उतारावर ती थांबायची ती कुणाच्या तरी पेंढ्याच्या उडवीत शिरूनच. बायकोने तिच्यात बसणं सोडलं होतं.

मिस्त्रीने तेलाचे ब्रेक बसवले. काम करताना तो पुटपुटत गाडीशी बोलायचा, माझ्याशी नाही. शेवटी रॉकेलने हात धुतले आणि रस्त्यावर लिंबू ठेवलं.

"घाला गाडी ह्याच्यावरनं. दिष्ट लागाया नको."

अर्धा बाजार बघत होता. मी गॉगल चढवला, गाडी वेगात आणली आणि लिंबाच्या बोटभर अलीकडे झोकात थांबवली. वर टाळ्यांची वाट पाहिली.

"साहेब, लिंबू फोडायचं हाय, वाचवायचं न्हाय."

पुन्हा आलो. पाय पुन्हा ब्रेकवरच गेला. तो लागतो, याचंच मला इतकं अप्रूप!

मिस्त्रीने लिंबू उचललं, तांब्यातल्या पाण्यात पिळलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

"घ्या. थांबायचं आम्ही करून दिलं. पुढं जायचं तेवढं तुमचं तुम्ही बघा."