थर्माकोलच्या केकमधला खरा तुकडा

लग्नाच्या फोटोंत जो पाच मजली केक दिसतो, तो बहुतेक वेळा केक नसतोच. वरचे चार मजले थर्माकोलचे असतात, त्यावर साखरेचा पांढरा लेप. सगळ्यात खालच्या मजल्यात वीतभर रुंदीची खाच ठेवलेली असते आणि तेवढ्यात खरा केक बसवतात. बाकी सगळी फुलं पांढरी, खाचेवरचं फूल तेवढं गुलाबी. सुरी तिथेच लागली पाहिजे. पाहुण्यांना वाटायचा केक आत स्वयंपाकघरात ट्रेमध्ये कापून तयार असतो.

हे मला मोठीने सांगितलं. मोठी म्हणजे माझी थोरली मुलगी. एका रिसॉर्ट कंपनीत नऊ वर्षं समारंभ विभागात आहे. लग्नं, साखरपुडे, लग्नाचे वाढदिवस, कंपन्यांची संमेलनं, सगळं तिच्या हातून जातं. केक कापताना ती टेबलाच्या मागे उभी राहते आणि ओठ न हलवता सांगते, "गुलाबी फुलापाशी, सर." म्हणून तिथे तिचं नाव केकताई पडलं आहे. नऊ वर्षांत एकदाही सुरी चुकली नव्हती.

खरं तर ती रसायनशास्त्र शिकलेली. निकाल लागल्यावर "सहा महिने करते, मग बघू" म्हणून तिकडे गेली. लहानपणापासून शहाणी. कुणी काही मागितलं की उठून द्यायची, पाहुणे आले की स्वतःची खोली मोकळी करून आमच्या पायाशी झोपायची. मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे, आमच्या मोठीच्या तोंडी 'नाही' हा शब्दच नाही. रिसॉर्टचा पहिला नियमही तोच निघाला. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. तिला शिकवायला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत, पीठ मळून आयतंच मिळालं होतं.

कंपनीची अकरा रिसॉर्टं आहेत, त्यातली चार तिने पाहिली. पहिल्यांदा बदली झाली तेव्हा मला वाटलं, चला, जरा हवापालट होईल. पोहोचल्यावर तिचा फोन आला.

"कशी आहे गं जागा?"

"तीच आहे, आई. तोच गालिचा, तेच झुंबर. क्वार्टर्सही लाँड्रीच्या मागेच आहेत. खिडकीबाहेरचं झाड तेवढं बदललंय."

"खिडकी उघडते का?"

"हॉलला खिडक्याच नाहीत गं. खोलीतली उघडत नाही, पण एसी आहे."

मी एकदा त्या क्वार्टर्समध्ये दोन दिवस राहिले होते. भिंतीपलीकडे धुलाईयंत्रं चोवीस तास फिरतात, त्याने टेबलावरचा पेला हळूहळू कडेला सरकत जातो. मोठी झोपण्यापूर्वी तो मधे आणून ठेवते आणि सकाळी उठल्या उठल्या पुन्हा मधे आणून ठेवते. तिला ते जाणवतही नाही.

ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला येता आलं नाही. फळांची टोपली आली, भलीमोठी, चकचकीत कागदातली. वर कार्ड होतं, 'आपल्या आनंदसोहळ्यात सहभागी होताना आम्हांस हर्ष होत आहे.' हे एक डोळा झाकून हसले. म्हणाले, "मोतीबिंदू काढल्याचा सोहळा! बोलाव शेजाऱ्यांना." मला हसू आलं नाही. चारशेहून जास्त लग्नं लावून दिली पोरीने. स्वतःच्या लग्नाचं विचारलं की म्हणते, "हॉल रिकामा नाही, आई."

तर मुद्द्याची गोष्ट. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत एक जागा निघाली. दहा ते पाच, रविवारी सुट्टी, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. वयाची अट होती, मुलाखतीच्या दिवशी तेहेतीस पूर्ण झालेली नकोत. मोठीला तेहेतीस पूर्ण व्हायला सात आठवडे राहिले होते. यापुढे अशी जागा निघाली तरी तिच्या उपयोगाची नव्हती. अर्ज मी भरला, सही तिने केली. मुलाखतीचं पत्र आलं. शनिवार, दुपारी बारा वाजता.

शनिवार म्हणजे तिकडे समारंभांचा दिवस. पण तिने सगळं बसवलं. त्या दिवशी एका आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता, सकाळचा समारंभ. केक साडेदहाला. तिथला दुसरा नियम असा की दारात ज्याने स्वागत केलं त्यानेच शेवटच्या पाहुण्याला निरोप द्यायचा. तोवर त्याने समारंभ सोडायचा नाही. म्हणून मोठीने स्वागताला विभागातल्या एका सोबतिणीला उभं करायचं ठरवलं. स्वतः फक्त केकपुरती थांबणार आणि अकराला बाहेर पडणार. सध्या ती आमच्याच शहराबाहेरच्या रिसॉर्टवर होती, तिथून प्रयोगशाळा रिक्षाने अर्ध्या तासावर.

"तू प्रमाणपत्रांची फाईल घेऊन ये, लॉबीत बस," ती म्हणाली.

"येशील ना नक्की?"

"आई, आता लिहून देऊ का?"

मी दहालाच पोहोचले. दारातल्या माणसाने वाकून नमस्कार केला, कुणीतरी हातात थंडगार ओला टॉवेल दिला, कुणीतरी सरबत. मी सांगितलं, मी पाहुणी नाही हो, केकताईंची आई आहे. तेव्हा तर आणखी एक उशी आली.

अकरा वाजले. मी काउंटरवर गेले. "तिला जरा बोलावता का?"

"नक्की, मॅडम. लगेच."

अकरा वाजून दहा. "निरोप दिलात ना?"

"हो मॅडम, अगदी. तोवर कॉफी घेणार?"

"कॉफी नको. मुलगी हवीय."

"अवश्य, मॅडम." आणि कॉफी आली.

त्या लॉबीत कुणी माझ्यावर आवाज चढवला नाही, कुणी वाट अडवली नाही. प्रत्येक जण हो म्हणत होता आणि काही म्हणजे काही घडत नव्हतं. कुणीतरी नाही म्हणा हो, म्हणजे भांडता तरी येईल, असं ओरडावंसं वाटलं. सव्वाअकराला मी फाईल काखेत मारली आणि उठले. मोठ्या कुंडीमागे नोकरांचं दार आहे हे मला मागच्या खेपेपासून ठाऊक होतं. त्यातून शिरले. पलीकडे ना गालिचा ना झुंबर, नुसती ओली फरशी, ताटांच्या चळती आणि साबणाचा वास. बोळाच्या शेवटी झुलतं दार होतं. ते ढकललं तर थेट हॉलमध्ये, केकच्या टेबलामागे.

पाहुणे उशिरा आले होते, सगळंच पाऊण तास मागे पडलं होतं. काळ्या कोटातले आजोबा, हिरव्या साडीतल्या आजी, आजोबांच्या हातात रिबीन बांधलेली सुरी. आणि मोठी माझ्याकडे पाठ करून उभी. दार वाजलं तशी तिने वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या काखेतल्या फाईलकडे. तेवढंच. त्या दोन क्षणांत आजोबांनी सुरी उचलली आणि थेट तिसऱ्या मजल्यात घातली.

कर्रर्र असा आवाज झाला. अंगावर काटा यावा असा. थर्माकोलचे पांढरे मणी आजोबांच्या कोटावर उडाले. मोठीचा चेहरा लेपासारखा पांढरा पडला.

देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. वाटलं, झालं एकदाचं. आता हे लोक हिला काढून टाकतील. पन्नास वर्षांच्या सोहळ्याचा विचका केला म्हणून आत्ताच्या आत्ता काढतील आणि अजून साडेअकरा वाजायचेत.

पण आजी मोठ्याने म्हणाल्या, "पन्नास वर्षं सांगतेय, जिथं सांगितलंय तिथं कापा म्हणून! ह्यांचं नेहमी तिसरंच!"

हॉल हास्याने दणाणला. आजोबाही मणी झटकत म्हणाले, "अगं, मला वाटलं वरचा गोड असेल." टाळ्या, फोटो, पुन्हा हसणं. नऊ वर्षांतली पहिली चूक आणि तीच सगळ्यांना आवडली. आजींनी मोठीचा हात धरला. "सकाळी दारात ती दुसरी मुलगी उभी होती. मी म्हटलं, आमची केकताई कुठाय? तिने स्वागत केल्याशिवाय मी गाडीतून उतरायचीच नाही! आता शेवटपर्यंत हवीस हं तू."

तेव्हा मला कळलं. स्वागतही तिनेच केलं होतं. म्हणजे निरोपही तिचाच.

तरी ती आली. मला हाताला धरून बोळात आणलं, कोटावरची नावाची पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "हे धर, मी बूट बदलते. रिक्षा सांग."

"आजींचं काय?"

"सोबतीण बघेल. चल, आई, बोलत नको बसू."

तिने एक बूट काढला. मला तिचा तो पाय दिसतोय अजून, टाचेला घट्टा पडलेला, ओल्या फरशीवर टेकलेला. एवढ्यात झुलत्या दारातून त्यांचा व्यवस्थापक आला. हसरा, गोड बोलणारा माणूस. त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागाच नसते, हेच तर वाईट.

"अरे वा, आई आल्यात! आई, तुम्ही काही घेतलंत का?"

"घेतलं. हिची मुलाखत आहे बारा वाजता," मी स्पष्ट सांगून टाकलं.

मोठीने मान खाली घातली. तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

"जाऊ दे ना, जाऊ दे," तो म्हणाला. "अडवणारा मी कोण? फक्त आजींना एक शब्द सांगून जा. दहा मिनिटं. त्या विचारतायत."

दहा मिनिटं. नाही कुठे म्हणाला तो? मोठीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, साडेअकरा. माझ्याकडे पाहिलं. मी "चल" म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण समोर तो इतका अदबीने उभा होता, त्यात मी त्यांचं सरबत प्यालेली, कॉफी प्यालेली. मी म्हणाले, "सांगून ये मग. म्हातारं माणूस आहे."

तिने बूट पुन्हा घातला. माझ्यापुढे हात केला. "पट्टी दे, आई. तिच्याशिवाय हॉलमध्ये जाता येत नाही."

मी मूठ मिटली. टाचणी तळहातात रुतली. "पडली वाटतं कुठेतरी," मी म्हणाले. एवढंच सुचलं मला.

मोठीला कळलं असणार. आईच्या मुठीकडे बघून न कळण्याइतकी ती लहान नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. पाच-सात सेकंदच, पण मला वाटलं, आता ती म्हणेल, पट्टी नाही म्हणजे जाता येत नाही. निघू या.

"काही हरकत नाही!" व्यवस्थापकाने खिशातून छोटी डबी काढली. "संध्याकाळी सगळ्यांसमोर देणार होतो. पण आज आईही आहेत, योग आहे."

डबीत नवी पट्टी होती. सोनेरी. तिच्या नावाखाली लिहिलं होतं, 'प्रमुख, समारंभ'. ताटं पुसणाऱ्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. त्याने पट्टी मोठीच्या कोटावर लावली आणि मला म्हणाला, "आई, अभिमान वाटला पाहिजे तुम्हाला."

"वाटतो ना," मी म्हणाले.

झुलतं दार तिच्यामागे तीन-चारदा हललं आणि थांबलं.

आजींना तीन नातवंडांची भाषणं ऐकायची होती. शेवटचा पाहुणा पावणेतीनला निघाला. मी फाईल मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. हे दारातच उभे होते. माझ्यामागे पाहत म्हणाले, "कुठाय ती?"

"बढती झाली तिला."

ह्यांनी आत जाऊन मोठीसाठी वाढून ठेवलेलं ताट झाकलं.

सोमवारी मी प्रयोगशाळेत जाऊन आले. खिडकीतल्या बाईंना पुन्हा पुन्हा विचारलं, दुसऱ्या एखाद्या दिवशी बोलावता येईल का. त्यांनी मान वर केली आणि सरळ सांगितलं, "नाही." इतकं बरं वाटलं ऐकून की काय सांगू.

परवा मोठीला तेहेतीस पूर्ण झाली. वाढदिवसाला सुट्टी मिळेल, असं ती म्हणाली होती. सुट्टीऐवजी फोटो आला. रिसॉर्टने तिचा वाढदिवस हॉलमध्ये साजरा केला, तोच पाच मजली केक, मागे सगळे टाळ्या वाजवताना. मोठी हसते आहे. टेबलामागे सांगायला कुणी उभं नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला. सुरी बरोबर गुलाबी फुलावर आहे.

ह्यांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "छान आलाय." मग फोन माझ्या हातात देताना विचारलं, "तिची जुनी पट्टी तू दिलीस का गं परत?"

नाही दिली. ती फाईलमध्ये आहे, तिच्या पदवीच्या प्रमाणपत्राला टाचलेली.