रॅमला खोबरेल

आमच्या घरात गंजेल अशी एकही वस्तू कोरडी नाही. कोयता, नारळ खवायचा आडाळो, कुलपं, सायकलची साखळी, खिडक्यांच्या बिजागऱ्या, सगळ्यांना खोबरेल. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, दर आठवड्याला तेलाची बाटली आणि कोंबड्याचं पीस घेऊन घरभर फिरतात. समुद्र घरामागच्या परड्याला लागूनच. "खारी हवा सगळ्याक खाता गो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोटं काही नाही त्यात, पण फाटकाच्या कडीला हात लावून मी किती साड्या तेलकट करून घेतल्या ते माझं मला माहीत.

कॉम्प्युटर तेवढा त्यांच्या तावडीतून सुटला होता. लेक पाचवीत असताना घेतलेला, आता तिचं कॉलेज संपलं, म्हणजे बघा. लग्नाआधी मी कुडाळला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, म्हणून त्याची दुखणीखुपणी माझ्याकडे. नवरा बोटीवर, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

तर लेकीला पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा आली. घरबसल्या द्यायची, पण मोबाईलवर चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा. तिच्या वर्गातल्या पोरी एकेक करून नोकरीला लागल्या होत्या आणि हिला पहिल्यांदाच कोणी बोलावलं होतं. पोरीचं जेवण उडालं होतं. बाबांचंही. ही तान्ही असल्यापासून त्यांच्या मांडीवर वाढलेली. बाबांनी देवीला नारळसुद्धा बोलून टाकला.

आणि आदल्या संध्याकाळी ह्या मेल्या कॉम्प्युटरने संप पुकारला. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाठिक्कर. आतून नुसतं टूंऽऽ, टूंऽऽ.

"आई, संपला सगळा!" लेक रडायच्या बेतात.

"गप रव," मी म्हटलं. "आराडता म्हणजे जिता आसा."

लांब टूं वाजत राहिलं की बहुतेक वेळा रॅमचं दुखणं. मशीनला चालू काम लक्षात ठेवायला लागतात त्या पट्ट्या. वायर काढली, डबा उघडला, दोन्ही पट्ट्या उपसल्या. त्यांच्या सोनेरी दातांवर खाऱ्या हवेने काळपट थर धरलेला. लेकीचा खोडरबर घेतला, दात घासले, खाचेतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजेपर्यंत पट्ट्या परत दाबल्या. बाबा पाटावर बसून सगळं डोळे बारीक करून बघत होते. बटण दाबलं. चालू! तारीख मात्र भलतीच दाखवायला लागला, म्हणजे आतली बॅटरी संपलेली. तिथे भिंतीवरच्या घड्याळातल्यासारखी साधी नव्हे, चपटी बटणाएवढी बॅटरी लागते, ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातून काढून घातली. इतकी खूश झाले मी स्वतःवर, की रात्री कोळंबीचं सुकं केलं.

सकाळी लेक आंघोळ करून, देवापुढे उदबत्ती लावून बसली. बटण दाबलं.

टूंऽऽ.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. डबा उघडला तर आधी नाकात खोबऱ्याचा वास. पट्ट्या चकाकत होत्या, एक तर नीट बसलेलीही नव्हती, नुसती टेकवलेली. आणि खाचेच्या कडेने लाल मुंग्यांची रांग.

"बाबानू!"

बाबा दारातच उभे होते. "पट्ट्यार काळा धरलेला दिसला माका," ते म्हणाले. "म्हणान पहाटे तेल लायलंय. थोडासाच. पिसान."

"कोणी सांगितलेला तुमका?"

"कोयत्याक चलता, ह्येका कित्याक नाय?"

कप्पाळ माझं! मी ओरडले त्यांच्यावर. इतक्या वर्षांत सासऱ्यांपुढे आवाज चढला नव्हता, तो त्या दिवशी पार माडाच्या शेंड्याला गेला. पोरीचं नशीब बुडवलंत म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. लेक हुंदके देत होती. हातातलं पीस बाबांनी हळूच पाठीमागे धरलं. ते दिसलं आणि मलाच कसंतरी झालं, पण थांबायला वेळ कुठे होता?

सॅनिटायझरची जुनी बाटली शोधली, कापसाने पट्ट्यांचं तेल काढलं, पुन्हा खोडरबर. मुंग्या फुंकरून घालवल्या. तेल लागलेली खाच सोडून दिली आणि एकच पट्टी दुसऱ्या खाचेत जोर लावून बसवली. परीक्षा अगदी तोंडावर आली होती. बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. देवळात घालतात तसं खड्या आवाजातलं गाऱ्हाणं.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान रात्रीचो दिवस करून अभ्यास केल्यान हा. माझ्या हातून काय चुकला माकला आसात ता पोटात घाल. ह्या यंत्रात जा काय वाकडा आसात ता सरळ कर आणि माझ्या चेडवाक पुण्याक धाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि लेक एकदम ओरडलो. आणि मी बटण दाबलं.

एकच टूं. छोटंसं. ठणठणीत मशीन एकदाच बोलतं. पडद्यावर अक्षरं उमटली, मग ते आपलं रडतखडत, निवांत चालू झालं आणि लेक परीक्षेला बसली. ती संपेपर्यंत मी पंखासुद्धा वाढवला नाही, न जाणो लाईट जायची.

नोकरी लागली. बाबांनी वाडीभर पेढे वाटले, आणि पेढे संपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आता ती खरंच जाणार. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. पोटात गडबड आसा म्हणाले.

जायच्या दिवशी लेक नवा ड्रेस घालून, केस शाम्पूने धुऊन मोकळे सोडून तयार. बाबा बाटली घेऊन आले आणि पायरीवर बसले. पीस आणलं नव्हतं. "हंय बस गो," म्हणाले.

तेलाचं नाव काढलं तरी किंचाळणारी माझी पोर मुकाट्याने खालच्या पायरीवर बसली. बाबा तळहातावर तेल घेऊन तिच्या डोक्यावर जिरवत होते, अगदी सावकाश. गाडी चुकेल, ड्रेसला डाग पडतील, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"घाट चढल्यार फोन कर," ते तिला म्हणाले. मग पुन्हा थोडं तेल ओतून घेतलं.

"थंय पुण्याक हवा कशी आसा, कोणाक म्हायत."