रजियाच्या आवाजासाठी घेतलेला माइक

लातूरच्या खाजा शूटिंगवाल्याला नुसते डोळेच आहेत, कान नाहीत, असं त्याची बायको रजिया म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांपुढं जी लग्नं लागली, तिथून त्यानं हा धंदा धरला. कॅसेटमधला खरा आवाज काढून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची, ही धंद्याची रीतच होती. भटजी, काझी, रडणारी नवरी, सगळे त्याच्याकडं मुके. एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही, मग हा तरी कशाला आवाजाच्या भानगडीत पडतोय!

घरात आवाज होता तो रजियाचा. लातुरात क्लास फोफावले तशा तिनं वरच्या खोल्या डॉक्टर व्हायला आलेल्या मुलींना दिल्या. पहाटे जिन्याखालून तिची एक हाक गेली की रेणापूर-भोकरच्या पोरी धडपडून उठायच्या. गल्लीतले लोकही त्याच हाकेवर चहा ठेवायचे.

मग तिचा घसा बसला तो बसलाच. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. खाजा बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला. रजिया रडली नाही. नांदेडला दिलेली त्यांची लेक अर्शिया पोटुशी होती, आणि तिच्या लेकराला नानीचा आवाज कळावा एवढंच रजियाच्या मनात होतं.

"फोटू लई हायेत माझे," ती बसक्या आवाजात म्हणाली. "बोलणं तेवढं ठिवा."

खाजा माइक घ्यायला नांदेडला गेला. दुकानदारानं कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारे दोन छोटे माइक पुढं ठेवले. एक कॅमेऱ्याच्याच करंटवर चालणारा, त्याला बटणच नाही. दुसरा सेलवरचा, मागं चालू-बंदचं बटण असलेला, पण अगदी हळू बोललेलंही उचलणारा. रजियाचं बोलणं आता कुजबुजीवर आलं होतं, म्हणून खाजानं दुसरा घेतला. दुकानदारानं बजावलं, की कॅमेरा हातभर अंतरावरच ठेवा, पंखा बंद करा, आणि वायर खोचली की कॅमेऱ्यातला माइक आपोआप बंद पडतो हे विसरू नका. खाजानं सगळं लक्ष देऊन ऐकलं.

घरी त्यानं वरच्या खोलीतल्या पुनमला बोलायला लावून माइक तपासला. आवाज स्वच्छ आला. सेल उतरू नये म्हणून त्यानं बटण बंद करून ठेवलं.

हैदराबादला निघायच्या सकाळी रजिया ठेवणीतली साडी नेसून खिडकीशी बसली. पंखा बंद, कॅमेरा हातभर अंतरावर. पण कॅमेऱ्यामागं उभा राहिला आणि खाजा पुन्हा लग्नातला शूटिंगवाला झाला. उजेड, फोकस, नाकाची सावली, पदर. हात सगळीकडं फिरले, त्या एका बटणाकडं तेवढे गेले नाहीत. ती बोलायला लागली तेव्हा त्यानं मुद्दामच लक्ष दिलं नाही. ऐकलं असतं तर डोळे भरून फोकस चुकला असता, आणि ऐकायला माइक होताच. नंतर ते शूटिंग चालवून बघायची त्याला हिंमत झाली नाही.

ऑपरेशन नीट झालं. पुढं अर्शिया बाळंत झाली आणि तान्ह्या मनतशाला घेऊन माहेरी आली. खाजानं हौसेनं टीव्हीला वायर जोडली. रजियाचे ओठ हलत होते. त्यानं आवाज वाढवला, आणखी वाढवला, वायर काढून पुन्हा खोचली. मग त्याला ते बटण आठवलं आणि तो वायर सोडून रजियाशेजारी येऊन बसला. अर्शियानं तोंडाला ओढणी लावली.

कुणी टीव्ही बंद केला नाही. लेकरासाठीचं बोलणं संपल्यावर पडद्यावरच्या रजियानं नजर वर उचलली आणि कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघून ती काहीतरी म्हणाली. थोडंसंच. तेवढ्यात कडेनं खाजाचा हात आत आला आणि कॅमेऱ्यात बघ म्हणून खुणावून गेला.

खाजानं शेजारी बसलेल्या बायकोकडं पाहिलं. "काय म्हणली होतीस गं मला?"

रजियानं ओठ हलवून ते पुन्हा सांगितलं. खाजाला काहीच कळलं नाही, आणि त्यानं कळल्यासारखी मान हलवली.